खालचं टोक

लिफ्ट पुन्हा बंद पडली होती. चष्मेवाला जिन्याच्या पहिल्या पायरीवर फतकल मारून बसला होता आणि वरच्या पायऱ्यांकडे असा बघत होता, जणू त्या त्याच्याच वाईटावर टपल्या होत्या. चौकात त्याचं चष्म्यांचं दुकान, तिसऱ्या मजल्यावर घर आणि दोन्हींच्या मधे त्याचं पोट. लिफ्ट चालू असली की हे तिघं सुखाने नांदायचे. बंद पडली की भांडायचे.

"ऊठ रे," क्रेन म्हणाला. "रस्ता अडवून बसलायस."

"मग जा की वळसा घालून."

"तुला वळसा घालायचा म्हणजे रजा टाकावी लागेल."

लिफ्टची वाट बघत उभे असलेले शेजारी खदखदून हसले. त्यांना तरी दुसरं काय काम होतं.

क्रेन हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हतं. त्याची आणि त्याच्या धाकट्या भावाची सामान हलवायची कंपनी होती. लोकांची बिऱ्हाडं या घरातून त्या घरात पोचवायची. ऐन तारुण्यात त्याने एका म्हातारीचं कपड्यांसकट भरलेलं कपाट एकट्याने पाठीवर घालून खाली आणलं होतं, तेव्हापासून अख्ख्या कॉलनीने त्याला क्रेन करून टाकलं. बायकोसुद्धा चारचौघांत 'आमची क्रेन' म्हणायची.

"पूर्वीचा मी असतो ना," क्रेन मिशीत हसत म्हणाला, "तर तुला पाठीवर टाकून दारात नेऊन सोडला असता."

"पूर्वीचा!" चष्मेवाल्याने टाळी मागायला हात पुढे केला आणि शेजारच्याने ती दिलीही. "पूर्वीचा मीसुद्धा देखणा होतो. आता क्रेन गंजली, बाबा. आता क्रेन फक्त फोन उचलते. तोही स्पीकरवर ठेवून."

पुन्हा हशा. क्रेनही हसला, पण त्याच्या हसण्याला जरा उशीर झाला.

"लाव पैज," तो म्हणाला.

"कशाची?"

"तुझीच. हा उन्हाळा संपायच्या आत, रविवारी सकाळी, सगळ्यांच्या देखत. या पायरीवरून तुझ्या दारापर्यंत, माझ्या पाठीवर. मधे कुठेही टेकवायचा नाही."

"आणि टेकवलास तर?"

क्रेनने डोकं खाजवलं. त्याच्या डोक्यात एक भन्नाट कल्पना शिरली की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, त्या झाल्या. "हरेल त्याला पॅक करायचा. आमच्या बबल रॅपमध्ये, मानेपासून घोट्यापर्यंत, वर चिकटपट्टी. आणि भर बाजारातून सामानासारखा उचलून न्यायचा. तुझ्या दुकानासमोर नेऊन ठेवायचा."

"माझ्याच दुकानासमोर का?"

"हरणार कोण आहे?"

पैज लागली. तेवढ्यात लिफ्टही चालू झाली, पण आता लिफ्टमध्ये कोणाला रस उरला नव्हता.

घरी बायकोला बातमी त्याच्या आधी पोचली होती. तिने दार उघडलं ते कमरेवर हात ठेवूनच.

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का? भावजींना उचलणार? ते स्वतःच स्वतःला नीट उचलत नाहीत."

"उचलीन."

"आणि कंबर?"

घोडं तिथेच अडलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी एका जिन्यात, कपडे धुवायचं यंत्र खाली आणताना, त्याच्या कमरेत काहीतरी कडकन वाजलं होतं. महिनाभर तो पलंगावर उताणा पडून पंख्याची पाती मोजत होता. डॉक्टर म्हणाले, बरं होईल. बरं झालंही. नंतर डॉक्टरच म्हणाले, आता हळूहळू अंग हलवा, वजन उचला, नाहीतर बसून बसून पुन्हा धरेल. डॉक्टरांनी हो म्हटलं. धाकट्या भावाने मात्र नाही म्हटलं.

जिन्यावरून जड वस्तू उतरवताना दोन टोकं असतात. वरच्या टोकाचा माणूस वस्तू आवरून धरतो. खालच्या टोकाचा माणूस ती झेलत उतरतो. सगळा भार खाली येतो, म्हणून पुकारा करायचा मानही खालच्याचाच. "घे... पायरी... पायरी... वळण, टेकव." त्याने सांगितल्याशिवाय वरच्याने बोट हलवायचं नाही. कंपनी सुरू झाल्यापासून खालचं टोक क्रेनचं आणि वरचं धाकट्याचं. कंबर वाजली त्या दिवशीही तसंच होतं. तो आवाज धाकट्याने वरून ऐकला होता, आणि तेव्हापासून तो दादाला पाण्याचा पिंपही उचलू देत नव्हता. "दादा, तू फोन सांभाळ," एवढंच त्याचं पालुपद.

आणि आता धाकट्याने एक नवा गडी आणला होता. भरघोस मिशांचा, तब्येतीने दणकट. सगळे त्याला मिशीच म्हणायचे. उन्हाळ्याचा मोसम संपला की त्याला कायम करायचं, असं धाकट्याने जाहीर केलं होतं. मिशी कायम झाला की दोन टोकं, दोन माणसं, हिशेब पुरा. मग क्रेनने जन्मभर खुर्चीत बसून लोकांना विचारायचं, "सोफा किती जणांचा आहे, ताई?"

"मला माझं टोक परत पाहिजे," क्रेन बायकोला म्हणाला. "चष्मेवाल्याला तिसऱ्या मजल्यावर नेलं, तर धाकट्याच्या तोंडाला कुलूप लागेल. अख्खी कॉलनी साक्षीला असेल. मग बोलू दे त्याला, 'दादा, फोन सांभाळ.'"

बायको म्हणाली, "तुमची ती जुनी हाफ पँट मी फरशी पुसायला घेतली. नवी आणा."

म्हणजे परवानगी मिळाली.

कॉलनीची व्यायामशाळा तळमजल्यावरच होती, लांबट खोलीत, जिथे पूर्वी सायकली ठेवायचे. रबरी चटयांचा वास, एका कोपऱ्यात तडा गेलेला आरसा, टक् टक् करत फिरणारा पंखा आणि एक चालायचं यंत्र, ज्यावर लोक टॉवेल वाळत घालायचे. लग्नाआधी क्रेन इथे रोज यायचा. मग कंपनी निघाली आणि त्याने येणं सोडलं ते सोडलंच. उलट येता-जाता खिडकीतून व्यायाम करणाऱ्यांची टिंगल करायचा: "अरे, फुकट वजनं काय उचलताय? उचलून कुठे नेत पण नाही!"

आता तोच नवी हाफ पँट घालून दारात उभा राहिला, तेव्हा आतल्यांनी उट्टं काढलं नसतं तरच नवल.

"या, या," सायकलवर बसलेले एक आजोबा म्हणाले. तिथे दोन स्थिर सायकली होत्या आणि त्यांवर रोज दोन आजोबा बसायचे. पायडल त्यांनी कधी मारलं असेल तर ते चुकूनच. गप्पा मात्र घामाघूम होईस्तोवर. "क्रेन आली का दुरुस्तीला?"

"तेल-पाणी करून घ्या तिचं," दुसरे आजोबा म्हणाले.

"आजोबा, तुमची सायकल गेली तीस वर्षं एकाच जागी आहे. आधी तिला घरी पोचवा," क्रेन म्हणाला आणि छाती काढून आत शिरला.

व्यायामशाळा शिट्टीबाईंच्या ताब्यात होती. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या, काडीसारख्या बारीक, गळ्यात कायम शिट्टी. निवृत्त झाल्या तेव्हा शाळेने सगळं परत घेतलं, शिट्टी मागायची कोणाची हिंमत झाली नाही म्हणतात.

त्यांनी क्रेनच्या हातात नुसती दांडी दिली. वजनाची एकही चकती नाही.

"बाई, हे काय? मी फ्रीज उचलायचो."

"उचलायचात. आता ही उचला."

क्रेनने वाकून दांडी उचलली. फुर्रर्र! शिट्टी इतकी जोरात वाजली की एका आजोबांनी खरंच पायडल मारलं.

"कंबर वाकवून उचललंत, तर मी स्वतः तुम्हाला बाहेर नेऊन टाकीन. गुडघ्यात बसा. पाठ ताठ. आता पायांनी उठा. पायांनी! तोंडाने नाही, तोंड कशाला वाकडं करताय? हां. आता स्थिर."

क्रेन बसला, धरली, उठला. आणि चालायला लागला.

दांडी हातात घेऊन तो सरळ दारापर्यंत गेला, खांद्याने दार ढकललं, बाहेरच्या पॅसेजमध्ये पोचला आणि मान वळवून विचारलं, "कुठे ठेवू?"

आत भूकंप झाला. एक आजोबा हँडलवर डोकं टेकून हसत होते, दुसऱ्यांना ठसका लागला. शिट्टीबाईंच्या तोंडातून शिट्टी निसटली.

"अहो, स्थिर म्हणजे जागेवर! कुठे निघालात घेऊन?"

"सवय आहे हो, बाई," क्रेन ओशाळला. "उचललं की पाय चालायलाच लागतात. आजवर उचलून तिथेच उभा राहिलो असतो, तर गिऱ्हाईकांनी मारलं असतं."

आठवडाभर हेच चाललं. डोळे मिटून दहापर्यंत आकडे म्हणायचं ठरवलं तरी पाय आपले निघालेच. एकदा तो वजन घेऊन पार फाटकापर्यंत गेला आणि भाजीची पिशवी घेऊन येणाऱ्या चष्मेवाल्याच्या बायकोने त्याला सहज विचारलं, "कोणाचं सामान?" शेवटी शिट्टीबाईंनी उड्या मारायची दोरी घेतली आणि त्याचे दोन्ही घोटे सायकलच्या पायाला बांधून टाकले. वर आजोबा बसलेले. त्या दिवशी पहिल्यांदा क्रेन जागेवर उभा राहिला, आणि मांड्या थरथर कापल्या, आणि त्याच्या लक्षात आलं की उभं राहणं चालण्यापेक्षा जड असतं.

पण जमायला लागलं. दांडीला चकत्या लागल्या, मग आणखी लागल्या. शर्टाची बटणं छातीपाशी तक्रार करू लागली आणि पोटापाशी गप्प झाली. सकाळी उठून मोजे घालताना तो पूर्वी पलंगाला धरायचा. एक दिवस उभ्याउभ्याच घालून मोकळा झाला आणि मग ते बायकोला दाखवायला पुन्हा काढून पुन्हा घातले.

मग दुसरी अडचण निघाली. शिट्टीबाईंनी वाळूची पिशवी पाठीवर देऊन त्याला जिन्यावर पाठवला. पहिल्या वळणावर पोचताच त्याने पिशवी अलगद खाली ठेवली. फुर्रर्र!

"टेकवायचं नाही ठरलंय ना!"

"मी नाही टेकवली. हातांनी टेकवली."

सामान हलवणाऱ्याचा नियमच तो: वळण आलं की टेकवायचं, पकड बदलायची, मगच वळायचं. वीस वर्षं मुरलेली गोष्ट. दुसऱ्या वळणावरही तेच. पिशवी जड नव्हती, तो दमलाही नव्हता. पण वळण दिसलं की गुडघे आपोआप वाकायचे.

यावर उपाय आजोबांनीच काढला. दुसऱ्या दिवसापासून एक आजोबा पहिल्या वळणावर खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसले आणि दुसरे आजोबा दुसऱ्या वळणावर. पिशवी ठेवायला जागाच नाही.

"ठेव माझ्या मांडीवर," आजोबा पेपरातून डोकं न काढता म्हणायचे. "मग बघ शिट्टीबाई तुझं काय करतात ते."

इकडे चष्मेवाल्याचीही तयारी जोरात होती. रोज संध्याकाळी तो व्यायामशाळेच्या खिडकीत येऊन उभा राहायचा आणि क्रेनच्या डोळ्यांत डोळे घालून क्रीमचा केक खायचा.

"मीही घाम गाळतोय हं," तो बोटं चाटत सांगायचा. "आपल्याला काय, नियमात जेवणाचं काहीच ठरलेलं नाही."

याचा बंदोबस्त क्रेनच्या बायकोने केला. ती रोज दुपारी डबाभर काकडी आणि उकडलेले वाटाणे घेऊन चष्म्यांच्या दुकानात जाऊन बसू लागली. "भावजी, तुमची काळजी वाटते हो. माझ्यासमोर संपवा, मग मी जाते." वहिनीला नाही म्हणायची त्याच्यात धमक नव्हती.

"हा अन्याय आहे," तो क्रेनला म्हणाला. "तू बायको मैदानात उतरवलीस."

"मी नाही उतरवली. तिला कोणी उतरवत नाही."

धाकटा मात्र यातल्या कशावरच हसत नव्हता. पैजेच्या आदल्या दिवशी तो ऑफिसात आला, क्रेनच्या समोर बसला आणि टेबलावरचा स्टेपलर उघडझाप करत राहिला.

"दादा, उद्या आमचं काम त्याच जिन्यात आहे. तिसऱ्या मजल्यावरचं बिऱ्हाड. आम्ही सकाळीच उरकून घेतो. तू ते... ते रद्दच कर ना."

"का? मी पडेन म्हणून?"

"तसं नाही."

"मग?"

"त्या दिवशी मी वर होतो," धाकटा म्हणाला. "मला ऐकू आलं होतं. तू ऐकलं नसशील, तू ओरडत होतास."

क्रेनने स्टेपलर त्याच्या हातातून काढून घेतला. "नेलं तर मला माझं टोक देशील?"

"मिशीला मी शब्द दिलाय."

"मी शब्दाचं विचारलं नाही. टोकाचं विचारलं."

"आधी ने तर," धाकटा म्हणाला आणि उठून गेला.

रविवारी सकाळी जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक मजल्यावर माणसं कठड्यावरून लोंबत होती आणि निम्म्यांचे मोबाइल आधीच वर. चष्मेवाला नवा शर्ट घालून आला होता. म्हणाला, वरात आहे, चांगलं दिसायला नको? शिट्टीबाई पंच. त्यांनी चष्मेवाल्याचे खिसे तपासले आणि त्यातून दोन भलीमोठी कुलपं काढून बाजूला ठेवली.

"दुकानाची आहेत," चष्मेवाला म्हणाला.

"दुकानाला शटर एक आहे," शिट्टीबाई म्हणाल्या.

धाकट्याचं काम अर्थातच वेळेत उरकलं नव्हतं. वरून निरोप आला: सगळं सामान गेलं, दोन दारांचा फ्रीज तेवढा राहिला. तो लिफ्टमध्ये मावत नाही. दुसऱ्या मजल्यावर भिंतीला लावून थांबतो, तुम्ही बाजूने वर जा.

क्रेन गुडघ्यात बसला. चष्मेवाला पाठीवर चढला. पाठ ताठ, पायांनी जोर, आणि क्रेन उठला. जिन्यात अशी आरोळी उठली की वरच्या मजल्यावर कोणाचं तरी तान्हं मूल रडायला लागलं.

"कसं वाटतंय?" क्रेनने विचारलं.

"लिफ्टपेक्षा बरं. लिफ्टला घामाचा वास येत नाही एवढंच."

पहिलं वळण. गुडघे वाकू बघत होते. त्याने त्यांना वाकू दिलं नाही. खुर्चीतले आजोबा आज उभे राहून टाळ्या वाजवत होते. पहिला मजला. श्वास नाकातून, जसा बाईंनी सांगितला तसा. दुसरं वळण गेलं. मांड्या पेटल्या होत्या, पण कंबर शांत होती, अगदी मजेत, जणू तिचा या प्रकरणाशी संबंधच नव्हता. क्रेनला मनातल्या मनात हसू फुटलं. जमणार होतं. त्याला ते आता पक्कं ठाऊक होतं, जसं ट्रक भरल्यावर बघताक्षणी कळतं की दार लागणार.

वर दुसऱ्या मजल्यावर फ्रीज उभा होता. धाकटा दोन पायऱ्या खाली उतरून, भिंतीला चिकटून, दादाला वाट देत होता. फ्रीजला बांधलेला पट्टा वर मिशीच्या हातात.

आता मोठ्या फ्रीजला खाली चाकं असतात. म्हणून तो टेकवला तरी पट्टा सोडायचा नाही, हे या धंद्यात पहिल्या दिवशी सांगतात. मिशीला ते सांगितलेलंही होतं. पण माणूस पाठीवर माणूस घेऊन जिना चढताना रोज कुठे बघायला मिळतो? सगळे व्हिडिओ काढत होते. मिशीनेही एका हातात मोबाइल काढला. मग चित्र हलतंय म्हणून दुसरा हातही लावला.

फ्रीज आधी वीतभर सरकला. मग त्याची पुढची चाकं पायरीच्या कडेवरून उतरली आणि तो अख्खा धाकट्यावर कलला. धाकट्याने तो छातीवर घेतला, पाय घसरला, आणि तो फ्रीज आणि भिंत यांच्या मधे अडकला. हात पसरलेले, तोंड उघडं, आवाज नाही.

चष्मेवाल्याचं दार अजून एक मजला वर होतं.

क्रेनने विचार वगैरे काही केला नाही. गुडघे वाकले आणि त्याने पाठीवरचा चष्मेवाला पायरीवर टेकवला. तशा घाईतही आपटला नाही; काचेचं सामान ठेवतात तसा ठेवला. तिसऱ्या ढांगेत तो फ्रीजखाली होता. बसला, खांदा लावला, पाठ ताठ, पायांनी जोर. फ्रीज भिंतीपासून सुटला.

"नीघ," तो म्हणाला.

धाकटा बाजूने निसटला आणि पायरीवर बसून खोकायला लागला.

"मिशी, फोन खिशात. पट्टा धर. दोन्ही हातांनी! धाकट्या, खोकून झालं असेल तर वर जा. वरचं टोक घे."

धाकटा हलला नाही. "दादा, तुझी कंबर..."

"माझी कंबर कुठे आहे ते मला माहितीये. तू वर जा."

धाकटा वर गेला. त्याने कड धरली. त्याचे हात थरथरत होते, ते खालून दिसत नव्हतं, पण फ्रीजमधून क्रेनला कळत होतं.

"घेतलंस?"

"घेतलं."

"मी सांगेन तेव्हाच. घे... पायरी. पायरी. पायरी. वळण, टेकव."

टेकवला. पकड बदलली. कठड्यावर लोंबणारी माणसं भिंतीला चिकटली होती. कोणी हसत नव्हतं. मागोमाग शिट्टीबाई उतरत होत्या, दातांत शिट्टी, नजर क्रेनच्या पाठीवर, ती जराशी वाकली रे वाकली की फुंकायच्या तयारीत. खालच्या फाटकापर्यंत शिट्टी वाजली नाही. आणि हळूहळू वरच्या टोकाची थरथरही थांबली. शेवटच्या जिन्यावर तर दोघांची पावलं एका वेळी पडत होती.

फ्रीज ट्रकमध्ये चढला. धाकट्याने त्याला दोर आवळला, गाठ मारली, ती सोडली, पुन्हा मारली. मग क्रेनकडे न बघताच म्हणाला, "आवाज नाही आला."

"आवाज माझ्या गुडघ्यांचा आला. ते कायम येतात."

तेव्हा कुठे धाकटा हसला. हसता हसता त्याने बाहीने नाक पुसलं.

मागून चष्मेवाला धापा टाकत आला. "झालं ते झालं. पैज बरोबरीत. पुढच्या रविवारी पुन्हा."

"बरोबरीत कशी? टेकवलं ते टेकवलं," क्रेन म्हणाला. "बाई, तुम्ही पंच. सांगा."

शिट्टीबाईंनी शिट्टी फुंकली. "टेकवला. दुसऱ्या मजल्याच्या अलीकडे."

"अरे, पण त्याचा भाऊ चेपत होता!" चष्मेवाला कळवळला.

"तू गप. हरलोय मी, तू कशाला रडतोस? काढा रे बबल रॅप!"

बबल रॅपचा मोठा रोल ट्रकमधून निघाला आणि मग कोणाला आवरेचना. एक आजोबा टोक धरून उभे राहिले आणि दुसऱ्यांनी क्रेनला जागच्या जागी गरागरा फिरवलं. आधी छाती, मग हात, मग पाय. बायकोने चिकटपट्टी दातांनी तोडून दिली आणि म्हणाली, "तोंडालाही एक लावा हो, जन्मात एकदा घरात शांतता होईल." तोंडाला मात्र कोणी लावली नाही, ही पुढे मोठी चूक ठरली.

मिशीने पायांचं टोक घेतलं, धाकट्याने डोक्याचं. वरात बाजारात निघाली. भाजीवाले उठून उभे राहिले, बसमधली माणसं खिडकीशी जमली, आणि आडवा पडलेला क्रेन सगळ्या रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होता: "मिशी, टोक वर घे! खांब आहे, खांब! धाकट्या, वळणावर टेकव, किती वेळा सांगायचं!"

"दादा, सामान बोलत नाही," धाकटा म्हणाला.

"सामान बोलत नाही म्हणूनच पडतं!"

चष्म्यांच्या दुकानासमोर त्याला उभा करून ठेवला. चष्मेवाल्याने शटर वर केलं, आत गेला आणि एक मोठ्या गुलाबी फ्रेमचा चष्मा आणून त्याच्या नाकावर चढवला. गर्दी शिट्ट्या मारत होती. हात बांधलेले असल्यामुळे क्रेनला तो काढताही येईना.

धाकटा त्याच्या समोर आला. चष्मा सरळ केला.

"उद्या सातला निघायचंय. पुस्तकांची खोकी आहेत, आणि एक ओक लाकडाचं टेबल."

"मी फोनवर असेन," क्रेन गुलाबी चष्म्यातून म्हणाला.

"फोन वहिनी बघतील, मघाशीच विचारलं. मिशी वरचं टोक घेईल, शिकेल. टेबल चौथ्या मजल्यावरून उतरवायचंय." धाकट्याने दादाच्या खांद्यावरची सुटलेली चिकटपट्टी दाबली. "खाली कोणीतरी पाहिजे."

क्रेनला हसू आलं. आधी खांदे हलले, मग पोट गदगदलं, आणि बबल रॅपचे फुगे फटाफट फुटायला लागले, जितकं हसू दाबायला जावं तितके जास्तच.

एक म्हातारी गर्दीतून पुढे आली. तिने क्रेनला वरून खाली निरखलं आणि चष्मेवाल्याला विचारलं, "हे केवढ्याला?"

"हा विकायचा नाही, आजी," चष्मेवाला म्हणाला. "त्याला उद्या सकाळी कामावर जायचंय. तुम्ही चष्मा बघा."